भुतामागे दोन मिनिटं

फाटकाजवळच्या कडुनिंबाला पुन्हा तो बारीक पांढरा मोहोर आला आहे. वॉचमन सकाळी झाडून काढतो आणि दुपारपर्यंत उभ्या गाड्यांच्या काचांवर परत साबुदाणा सांडल्यासारखं होतं. शेजारच्या शाळेच्या भिंतीवर परीक्षा केंद्राचा फलक लागला आहे. पेपरच्या वेळेत समोरची झेरॉक्सची दुकानं शटर ओढून घेतात. आणि वारा नदीकडून आला की कुठल्यातरी गावच्या यात्रेतल्या शर्यतीच्या घाटावरचा भोंगा तुटत तुटत ऐकू येतो, "झाली... झाली... झाली..." चिखलीत उन्हाळा असा येतो. एका कानात परीक्षा, दुसऱ्या कानात बैलगाडा.

हे सगळं जमून आलं की माझ्या डाव्या पायाच्या पोटरीत एक कळ उठते. डॉक्टरला दाखवण्यासारखी नाही. ती दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली आहे, आणि दरवर्षी मोहोराबरोबर येईल असं दिसतंय.

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक कागद आहे. कॅलेंडरचं जुनं पान, उलट बाजूनं चिकटवलेलं. त्यावर मार्करनं लिहिलेले आकडे वरून खाली उतरत जातात. पाहुणे विचारतात, "हा कसला हिशोब?" मी म्हणते, हिशोब नाही. त्यातला शेवटचा आकडा चुकीचा आहे, असं माझी मुलगी मृणाल अजून म्हणते. तिचं बरोबर आहे.

त्या मार्चमध्ये मी रोज दुपारी हॉलमध्ये बसून एका परदेशी ट्रॅकवर गाडी चालवत होते. खरी गाडी नव्हे, कॉम्प्युटरवरची. पण तिला खेळ म्हणताना माझी जीभ अडते. लोखंडी सांगाड्यावर बसवलेली सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी पेडलं, डोळ्यांसमोर भलामोठा पडदा. जगभरातली माणसं आपापल्या घरी असल्याच खुर्चीत बसतात. सगळ्यांना ट्रॅक तोच, गाडी तीच, हवा तीच. ज्याची फेरी कमी वेळात, त्याचं नाव वर. बारा आठवड्यांचा एक सीझन असतो. तो संपला की यादी बंद होते आणि आहे तशी राहते. सीझन हा शब्द माझ्या धंद्यातलाही आहे. लग्नाचा सीझन, आंब्याचा सीझन, आणि मार्चअखेरचा, जेव्हा कंपन्या जुनं सामान काढून टाकतात. हा चौथा सीझन मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळला. त्यात दोन मिनिटांच्या आत फेरी मारणाऱ्यांची एक वेगळी यादी होती. त्या यादीत मला माझं नाव हवं होतं आणि नावापुढे आकडा. एवढंच.

हे 'एवढंच' किती जुनं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन तपांपूर्वी मी चाकण रस्त्यावरच्या गाड्यांच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. लाइनवरून उतरलेल्या गाडीच्या दारांच्या फटीत पातळ पट्टी घालून फट सारखी आहे का ते बघायचं. दिवसाला शेकडो दारं. गाडी मात्र ट्रॅकवर जायची दुसऱ्यांच्या हातून. पलीकडे जाळीच्या कुंपणामागे तिचा आवाज चढत जायचा, वळणात दबायचा, पुन्हा चढायचा. डबा खाताना मी त्या आवाजाकडे तोंड करून बसायचे. एकदा ट्रॅकवरच्या ड्रायव्हरांच्या जागा निघाल्या. सूचना फलकावर 'पुरुष' असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री केली. सायकल मी वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात शिकले होते, गाडी मामाच्या टेम्पोवर. लायसन्स होतं. अर्ज टाकला.

सात जणांची चाचणी झाली. सहा पुरुष आणि मी. प्रत्येकाला एक फेरी. कठड्याशी लोंढे नावाचे एक जण गळ्यात घड्याळ अडकवून उभे, शेजारी वही घेऊन साहेब. माझी फेरी संपली, मी उतरले आणि सरळ कठड्याकडे गेले. त्या शेवटच्या वळणात गाडी आणि मी एकच झालो होतो, आणि मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. मी विचारलं, "सर, माझा टाइम?"

"कळवू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. सहा नावं, सहा आकडे. सातवं नाव माझं, आणि त्यापुढे एक रेघ.

नोकरी मिळाली नाही याचं दुःख मी केव्हाच विकून टाकलं. त्याच वर्षी काम सोडलं, एका कॅन्टीनच्या मोडक्या खुर्च्या घेतल्या, दुरुस्त केल्या, विकल्या. तिथून आजपर्यंत जुन्या ऑफिस सामानाचा धंदा उभा केला. हिंजवडीत एखाद्या ऑफिसनं मजला सोडला की पहिला टेम्पो माझा लागतो. लोक म्हणतात शोभाताईच्या तोंडाला लागू नका. खरं आहे, माझं डोकं लवकर तापतं, आणि ते तापतं हे समोरच्याला आधीच माहीत असलं की काम सोपं होतं. सगळं विकलं गेलं माझ्या हातून. टेबलं, कपाटं, एसी, फिरत्या खुर्च्या. ती रेघ मात्र गोदामात पडून राहिली.

धंद्यात मी दोन नियम पाळते. पहिला, भाव आधी आपण बोलायचा नाही. जो आधी बोलला तो गेला. दुसरा, समोरच्यानं काहीही सांगितलं तरी 'चालेल' म्हणायचं नाही. 'बघू' म्हणावं, 'अवघड आहे' म्हणावं, उठून चप्पल घालावी. 'चालेल' म्हणजे आपण संपलो.

त्या वर्षी जानेवारीत पिंपळे सौदागरला एका फ्लॅटमधलं सामान बघायला गेले. निनाद नावाचा मुलगा, तिशीतला, आयटीतला, परदेशी निघालेला. घरात खोकी बांधलेली.

"काकू, देणार तर सगळं एकगठ्ठा देणार," तो म्हणाला.

"ताई म्हण. आणि हे काय, दातांच्या डॉक्टरची खुर्ची?"

"रेसिंग सिम्युलेटर आहे, ताई."

"कोण घेणार हे? वजनावर घालावं लागेल."

त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या घरातल्या माणसाला नाव ठेवलं. "एकदा बसून बघा," तो म्हणाला, "मग वजनावर घाला."

त्याचा भाव पाडायला म्हणूनच मी बसले. पहिल्या वळणात गवतात गेले, तिसऱ्यात पुन्हा, मग गाडी गरकन फिरून उलटी. कशीबशी फेरी पुरी झाली. रेषा ओलांडली आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा उमटला. दोन मिनिटं एकोणीस सेकंद, आणि पुढे आणखी तीन बारीक अंक.

"हा कुणाचा?"

"तुमचाच."

"लगेच?"

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे, कळवू वगैरे काही नाही?"

तो हसला. त्याला काय कळणार? मी खिडकीकडे तोंड वळवलं. समोरच्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत होते, कुणीतरी गादी झटकत होतं, आणि मला ते सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. ओठांपर्यंत 'चालेल' आलं होतं. मी ते गिळलं. नंतर अर्धा तास सवयीनं घासाघीस केली, पण त्या खुर्चीबद्दल एक अक्षर बोलले नाही.

गोदामात धूळ फार, म्हणून खुर्ची घरी आणली. सोफा हलवावा लागला. ह्यांची चाकणला शिफ्ट, ते संध्याकाळी आले आणि उभ्यानंच म्हणाले, "आता मी बसू कुठं?" मी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांनी हात जोडले.

त्यात घरात बारावी. मृणालनं भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक लावलेलं. त्याच्या शेजारी मी कॅलेंडरचं पान लावलं. दुपारी पडदे ओढून, पंखा लावून ती टेबलाशी आणि मी खुर्चीत. कानांवर हेडफोन असले तरी पेडलांचा आवाज व्हायचा.

"आई, हळू मार ना! माझं केमिस्ट्री चाललंय."

"ब्रेक हळू मारला तर भिंतीत जाईन."

"मग भिंतीत जा, पण हळू जा."

या ब्रेकची एक गंमत आहे. पाय किती खाली गेला यावर तो चालत नाही, किती जोर लावला यावर चालतो. आणि तो दाबायचा डाव्या पायानं, म्हणजे उजवा कायम दुसऱ्या पेडलवर तयार राहतो. माझ्या डाव्या पायाला जन्मभर फक्त क्लच माहीत. तो दाबला की तळापर्यंत दाबायचा, एवढीच त्याची अक्कल. पन्नाशीला आलेल्या पायाला नवीन अक्षर गिरवायला बसवलं. पोटरी रात्रंदिवस ठणकायची. पण एक दिवस, कितव्या आठवड्यात आठवत नाही, पायानं आपण होऊन अर्धाच जोर लावला, आणि गाडी वळणात अशी अलगद बसली की मी हेडफोन काढून नुसती पायाकडे बघत राहिले. माझाच पाय, पण कुणा शहाण्या माणसाचा वाटला.

ट्रॅकवरच्या वळणांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा मी आपली नावं दिली. पहिलं वळण डांगे चौक, कारण तिथे सगळे एकदम घुसायला बघतात. मधलं लांबलचक उजवं तळवडे. आणि शेवटचं, सरळ रस्त्यावर आणून सोडणारं, मोशी. मृणाल पाणी प्यायला उठली की पडद्याकडे बघून जायची. "आई, मोशीत मार खातेस तू." माझ्याआधी तिला दिसायचं.

दोन एकोणीसवरून दोन आठवर मी पंधरा दिवसांत आले. हे अकरा सेकंद पडून होते, फक्त उचलायचे होते. भिंतीत न जाणं एवढंच त्यासाठी पुरलं. त्यानंतर ट्रॅकनं हात आखडता घेतला. आयुष्यात मी कशाशी घासाघीस केली नाही? माणसाशी, कंपनीशी, बँकेशी, देवळाबाहेरच्या नारळवाल्याशी. इथे पहिल्यांदा असं कुणीतरी भेटलं ज्याच्याशी बोलताच येईना. ओरडा, विनवा, चप्पल घालून उठा. आकडा तोच. तो मला ओळखत नव्हता. मी बाई आहे, कुठल्या वस्तीतली आहे, माझं तोंड कसं आहे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आणि मला या गोष्टीचा राग यायच्या ऐवजी, देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर अंगाला गार लागतं तसं काहीतरी व्हायचं.

सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे किती, ते मी मृणालकडून काढून घेतलं. त्या वेगात गाडी तेवढ्या वेळात दोन बोटं पुढे जाते. दोन बोटं! मी पूर्वी दारांच्या फटी पट्टीनं मोजायचे. इथे कुणीतरी वेळेच्या फटीत पट्टी घालून बसलं होतं.

निनादनं खुर्चीबरोबर एक गोष्ट ठेवली होती. ट्रॅकवर माझ्यापुढे एक गाडी पळायची, काचेची असावी अशी आरपार. तिला धडक द्यावी तर आपण तिच्यातून निघून जातो. ही त्याची स्वतःची सगळ्यात चांगली फेरी, मशीननं जपून ठेवलेली. तिला घोस्ट म्हणतात. भूत. पहिले कितीतरी दिवस मला त्या भुताचं फक्त शेपूट दिसायचं, डांगे चौकातून नाहीसं होताना. माणूस सात समुद्रापार आणि त्याची एक दुपार माझ्या हॉलमध्ये पळतेय. नंतर मृणालनं ते काढून माझंच भूत लावून दिलं, म्हणजे माझीच कालची फेरी. मग रोज मी कालच्या मला गाठायला निघायचे. आपल्या भाषेत जे पछाडतं तेही भूत आणि जे होऊन गेलं तेही भूत. लहानपणी शाळेत भूतकाळ शिकताना आम्ही मुली हसायचो. आता ती आरपार गाडी पुढे पळताना बघून हसू यायचं नाही. काल याच वळणात मी चुकले होते, आणि कालची मी समोर तीच चूक पुन्हा करताना दिसायची, सांगता यायचं नाही.

माझी चूक काय होती, हे मृणालनं एका वाक्यात सांगितलं. भौतिकशास्त्राचा पेपर तोंडावर होता, वैतागलेली होती. म्हणाली, "आई, तू प्रत्येक वळणात तळवडे चौकात घुसल्यासारखी घुसतेस. इथे आडवा ट्रक नाहीये. कुणाच्या आधी घुसायचंय तुला?"

चाकण पट्ट्यात गाडी शिकलेल्या माणसाची ही खोड. फट दिसली की चाक घालायचं. ज्याचं चाक आधी आत, रस्ता त्याचा. थांबला तो थांबलाच. मी प्रत्येक वळणात असं आधी घुसत होते आणि बाहेर पडताना गाडी रुंद जात होती, मग पुढच्या अख्ख्या सरळ रस्त्यावर मागे. आत लवकर, बाहेर उशिरा. मी मृणालवर ओरडणार होते. पण तोंड उघडलं आणि माझाच नियम आठवला. भाव आधी बोलायचा नाही! हे मी पंचवीस वर्षं जगाला शिकवत आले. समोरच्याला बोलू द्यावं, दम धरावा, आणि मग एक एक पाऊल करत सुटावं. वळण मला रोज हेच सांगत होतं. ब्रेक एकदम सोडू नकोस, भाव सोडतेस तसा सोड, थोडा, मग आणखी थोडा. जी गोष्ट माझ्या तोंडात होती ती पायात कधी उतरलीच नव्हती. त्या दुपारी दोन मिनिटं तीन आला, संध्याकाळी दोन एक. मी तो कागदावर मार्कर दाबून लिहिला.

मग दोन मिनिटं शून्य दशांश चारवर गाडी रुतली. अकरा दिवस. चार दशांश म्हणजे एकामागे एक दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा. सीझन संपायला आठवडा उरलेला.

आकड्यांचं असं आहे की एक कळला की दुसरा जागा होतो. रोज वीस आकडे बघता बघता तो न कळलेला आकडा ठसठसू लागला. दुपारी खिडकीतून घाटाचा भोंगा यायचा. मला माहीत होतं तिथे घड्याळ कोण लावतं. लोंढे भाऊ मोशीकडचे, मूळ गावातले. कंपनी सुटल्यावर सगळ्या पंचक्रोशीतल्या यात्रांना बैलगाड्यांच्या शर्यतीचं घड्याळ त्यांच्याच हातात. एकेक गाडा चढावरून पळतो, त्याला बारी म्हणतात, आणि बारीचा टाइम सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत पुकारला जातो. त्यावरून डोकी फुटतात, पण लोंढे भाऊंच्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नाही. त्यांच्या दारावरून मी कितीतरी वर्षं टेम्पो नेत होते. मान एकदाही वळवली नव्हती.

एका दुपारी गेले. घाटावर धुरळा, गुलाल, उसाच्या रसाचे चरक. निशाणाशी मांडवाच्या सावलीत लोंढे भाऊ, डोक्याला टोपी, गळ्यात घड्याळ. तेच अंग, आता वाकलेलं.

"ओळखलं का, भाऊ?"

डोळे बारीक करून बघितलं त्यांनी. "व्हय. शोभा न्हवं? सातव्या नंबरची."

म्हणजे विसरले नव्हते. माझं अंग तापलं. "माझा टाइम किती होता?"

तेवढ्यात खालून गाडा सुटला. लोंढे भाऊंचा चेहरा बदलला. माणूस उरलाच नाही, नुसता एक डोळा आणि एक अंगठा. बैल निशाणावरून गेले, अंगठा दबला. "अकरा चौसष्ट," ते म्हणाले. भोंग्यातून पुकारा झाला, लोक नाचायला लागले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा की, ताई."

"बसायला नाही आले."

"घड्याळ लावलंच न्हवतं."

मला आधी कळलं नाही. टाइम फार वाईट असेल, खोडला असेल, कुणाच्या नावावर चढवला असेल, या सगळ्याची मी रात्रंदिवस तयारी केली होती. हे माझ्या यादीत नव्हतं.

"अंगठा हुता घड्याळावर," ते म्हणाले. "सायबानं मान हलवली, लावू नगं म्हून. मी बी कंत्राटीच हुतो, तुमच्यावानी. पण डोळ्यानं बघितलं, ताई. शेवटच्या वळणातनं तुमी गाडी काय काढली! त्या सातांत पहिल्या दोघांत हुता तुमी."

"डोळ्याला काटा असतो का भाऊ? बैलाच्या खुराला तुम्ही पॉइंट सोडत नाही. आणि माझ्यासाठी एक अंगठा दाबवला नाही?"

आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. मी आणखी बोलले. म्हणाले, माझ्या घरी मशीन आहे, अमुक सोसायटीत, अमक्या मजल्यावर, ते सगळ्यांना आकडा सांगतं, कुणाच्या साहेबाला विचारत नाही. तुमची गरज उरली नाही आता. लोंढे भाऊ ऐकून घेत होते. पुढचा गाडा सुटला तेव्हा त्यांना खाली बघावंच लागलं, आणि मी निघाले.

घरी येऊन तशीच खुर्चीत बसले. दोन दोन. दोन पाच. भिंत. दोन चार. भिंत. हेडफोन काढून सोफ्यावर फेकला. मृणाल वही घेऊनच बाहेर आली. तिनं पडद्यावर एक आलेख उघडला. फेरीत ब्रेक कुठे किती दाबला, ते मशीन रेषेनं लिहून ठेवतं.

"ही तुझी परवाची रेषा. ही आजची. आई, राग दिसतोय बघ."

परवाची रेषा टेकडीच्या उतारासारखी खाली येत होती. आजची म्हणजे नुसत्या सुऱ्या भोसकलेल्या. माझ्या रागाचं चित्र मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ज्याच्या जोरावर मी धंदा उभा केला असं मला वाटत होतं, तो इथे प्रत्येक वळणाला माझेच दशांश खात होता, आणि मशीन एका शब्दानं दोष न देता ते दाखवत होतं. दोन तपं मी एका भुतामागे पळाले. आणि त्या भुताला टाइमच नव्हता. त्याला गाठणार कसं?

सीझनचा शेवटचा दिवस आणि मृणालचा शेवटचा पेपर एकाच दिवशी आला. ती दुपारी घरी आली, बूट न काढता जमिनीवर आडवी झाली आणि म्हणाली, "संपलं. आता तुझं." यादी संध्याकाळी बंद होणार होती. चार वाजता बेल वाजली.

दारात लोंढे भाऊ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, आणि गळ्यात घड्याळ. घाटावर त्या दिवशी बारी नव्हती की ते सोडून आले होते, मी विचारलं नाही.

"पत्ता तुमीच वरडून सांगितला हुता," ते म्हणाले. "म्हनलं, एकदा लावावं घड्याळ. आज सायेब न्हाई."

"गरज नाही भाऊ. इथं आपोआप लागतं. रेषा ओलांडली की सुरू."

"लागू द्या त्येचं त्येला. मी माझं लावतो."

मृणालनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पडद्याच्या बाजूला, कठड्याशी उभे राहायचे तसे उभे राहिले. मी बसले. पट्टा बांधला. मग मी मृणालला म्हणाले, "भूत काढून टाक."

"बंद करू? मग कळणार कसं पुढे आहेस का मागे?"

"नको कळायला."

ट्रॅक मोकळा झाला. पुढे कुणीच नाही. निनाद नाही, कालची मी नाही, तेवीस वर्षांची मीही नाही. नुसता राखाडी रस्ता आणि दोन्ही बाजूंना गवत. पहिली फेरी टायर गरम करण्यात गेली. रेषा आली तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, लोंढे भाऊंचा चेहरा पुसला गेला होता. एक डोळा, एक अंगठा. टिक.

डांगे चौकात मी थांबले. घाई करणाऱ्याला करू दिली, मी भाव बोलले नाही. ब्रेक थोडा सोडला, आणखी थोडा, आणि गाडी स्वतःहून आत वळली. तळवड्याच्या लांब वळणात पंख्याचा आवाज, खालच्या पोरांचा आवाज, सगळं बाहेर राहिलं. स्टिअरिंगमधून रस्ता हातात येत होता, बारीक बारीक, चाळणीतून पीठ पडावं तसा. मी काही करत नव्हते. मी फक्त अडवत नव्हते. मोशी आलं. इथे इतके दिवस मार खाल्ला होता. पायानं ब्रेक सोडला, कधी सोडला मला सांगता येणार नाही, आणि गाडी वळणातून अशी निघाली की मला ती ओळखू आली. हीच ती. जाळीच्या कुंपणामागची, माझी एकुलती एक फेरी. ती कुठे लिहिलेली नव्हती म्हणून नव्हतीच असं थोडंच आहे? ती माझ्या हातांत होती. रेषा पायाखालून गेली. टिक.

पडद्यावर उमटलं: एक मिनिट, एकोणसाठ सेकंद, आठशे बारा.

मृणाल किंचाळली. "आई, यादीत आलीस! बघ, नाव बघ!" यादीत खरंच माझं नाव होतं, शोभा, आणि पुढे आकडा. रेघ नाही. मी पट्टा सोडला आणि लोंढे भाऊंकडे बघितलं. ते घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ आणून बघत होते. कान लाल झाले होते.

"किती, भाऊ?"

"दोन मिन्टं," ते म्हणाले, "आन् एक दशांश." मग घाईघाईनं, "अंगठा म्हातारा झाला, ताई. मशीनचाच खरा. माझा धरू नगा."

मृणालनं मार्कर उघडला होता. मी तिच्या हातून घेतला आणि भिंतीवरच्या कागदावर, सगळ्यात खाली, लिहिलं: २:००.१.

"आई, चुकीचा लिहिलास!"

लोंढे भाऊ कागदाजवळ आले. "ताई, त्यो माझा हाय. त्यो बरुबर न्हाई."

"चालेल," मी म्हणाले.